गहू सोडल्यानंतरचे पथ्य

सिलिएक रोगाचे निदान झाले की घरातून प्रथम फुलका जातो, मागोमाग खाखरा आणि रव्याचा शिरा. काही आठवड्यांत जुलाब थांबतात आणि घरच्यांना हायसे वाटते. परंतु त्याच सुमारास काही रुग्णांच्या नव्याच तक्रारी सुरू होतात : पोट साफ होत नाही, वायू धरतो, दूध घेताच पोट फुगते. ‘पथ्य मानवत नाही’ असे म्हणून कोणी पुन्हा फुलक्याकडे वळतो. खरा धोका येथेच आहे. या रोगात ग्लुटेनचा अल्प अंशही आतड्याला इजा करू शकतो, आणि ती दर वेळी जाणवतेच असे नाही.

बद्धकोष्ठाचे कारण बहुधा साधे असते. ग्लुटेनबरोबर गव्हाचा कोंडाही ताटातून गेलेला असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकांनुसार 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम. फुलक्याच्या जागी केवळ भात आला तर ही तूट भरून निघत नाही. ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, बाजरी व नाचणीत सुमारे 11 ग्रॅम तंतू आहेत. म्हणून भाकरी हाच फुलक्याचा खरा पर्याय होय. मात्र तंतू हळूहळू वाढवावेत. एकदम वाढविल्यास वायूच वाढतो. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा सालीसकट मूग, चवळी किंवा मटकी मोड न आणता शिजवावी.

तंतूंना पाण्याची जोड हवी. चौविहार पाळणाऱ्यांनी दुकानाच्या व्यापात पाणी विसरून सूर्यास्तापूर्वी घाईने तांब्या रिता करण्यापेक्षा नवकारशीनंतर दिवसभर थोडे थोडे उकळलेले पाणी घ्यावे. इसबगोल घ्यावयाचा असल्यास दुपारी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा. अपुऱ्या पाण्यात तो घशात किंवा आतड्यात अडकण्याचा संभव असतो.

दुधाची गोष्ट वेगळी आहे. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज हे द्रव्य लहान आतड्याच्या अंकुरांवर तयार होते. रोगाने ते अंकुर झिजलेले असतात. ते पुन्हा वाढण्यास काही महिने, प्रौढांत कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर दूध कमी करून, द्विदलाचा नियम सांभाळून, दही-ताक घेऊन पाहावे. अंकुर भरून आले की पुष्कळांना दूध पुन्हा पचू लागते.

इतके करूनही जुलाब किंवा पोटदुखी राहिली, तर ग्लुटेन आडवाटेने येत आहे काय, ते पाहावे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात हिंग रोजचा. पण बाजारातील बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीतही गहू येतो. पोळीचा तवा, पोळपाट आणि तळणीचे तेल यांतूनही तो येतो. तयार पदार्थांवर ‘ग्लुटेनमुक्त’ अशी नोंद पाहावी. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल तरच आपल्याकडील कायदा तशी नोंद करू देतो. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा सतत उलट्या होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

तपासणीपूर्वीच केवळ ऐकीव माहितीवर गहू सोडणे मात्र हिताचे नाही. रक्ताची तपासणी व आतड्याचा तुकडा तपासणे, ही दोन्ही आहारात गहू चालू असतानाच विश्वसनीय ठरतात.

घरातील एकासाठी वेगळा तवा, वेगळा डबा आणि वेगळे दळण ठेवणे प्रथम जड वाटते. पाणी गाळून आणि धान्य निवडून घेणाऱ्या घराला मात्र ही दक्षता अपरिचित नाही. तीच यतना आता घरातील रुग्णासाठी करावयाची आहे.