फिरत्या घरांची पंचायत

'व्हॅन' हा शब्द हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं सर्रास झाला आहे. मुलांस शाळेंत आणणारी ती व्हॅन, कैद्यांस कचेरींत नेणारी ती व्हॅन, आणि सकाळीं पाव पोंचविणारी तीही व्हॅनच. परंतु हा शब्द 'कॅरव्हॅन' या शब्दाचें तोडलेलें शेपूट असून, तो मूळ शब्द फारसी भाषेंतील 'कारवान' यापासून निघाला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. कारवान म्हणजे वाळवंटांतून संगतीनें जाणारा तांडा. शब्द आखूड करतांना इंग्रजांनीं संगत गाळली आणि गाडी तेवढी ठेविली. मौज अशी कीं, पुढें त्याच गाडीच्या हौशी लोकांनीं ती गाळलेली संगत पुन्हा उभी केली. तिचा कारभार कसा चालतो हें आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळीस सांगावें, आणि त्याविषयीं आमचें मतही नमूद करावें, असें योजिलें आहे.

जींत निजावें, रांधावें व राहावें अशी गाडी केवळ हौसेखातर बांधून घेणारे पहिले प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स. हे आरमारांतून निवृत्त झालेले शस्त्रवैद्य असून मुलांसाठीं साहसकथा लिहीत असत. १८८५ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथील एका कारखान्यांत 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या', या नांवाची गाडी करवून घेतली. वजन सुमारें दोन टन, ओढावयास दोन घोडे. आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांस सावध करण्यासाठीं पुढें तीनचाकी सायकलवर एक चाकर. असा थाट करून ते दक्षिण इंग्लंडांतील ट्वायफर्ड गांवाहून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. त्यांची गाडी एकटी होती, म्हणून त्यांस नियमांची गरज पडली नाहीं. आपणच राजा आणि आपणच प्रजा! नियमांची गरज पडते ती दुसरी गाडी शेजारीं येऊन उभी राहिली म्हणजे.

तशी वेळ लौकरच आली. १९०७ सालीं लंडनमध्यें जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकारानें मूठभर मंडळी जमली व त्यांनीं 'कॅरव्हॅन क्लब' स्थापन केला. व्हॅनमधील राहणी हा ज्यांचा छंद, अशांस एकत्र आणावें व त्यांच्या हिताचें रक्षण करावें, हा तिचा हेतु. डॉक्टर स्टेबल्स हेही तींत सामील होते. (२०१७ पासून या क्लबाच्या नांवांत मोटारघरांचाही समावेश झाला आहे.) अनोळखी गाडीवाल्यास शेतकऱ्यानें आपल्या कुरणांत कां उतरूं द्यावें? तो गवत तुडवील, फाटक उघडें टाकील, विस्तव तसाच ठेवून जाईल. त्याच्यासाठीं कोणी तरी जामीन राहावयास पाहिजे. क्लब म्हणजे असा जामीन. आणि जो दुसऱ्याचा जामीन राहतो, त्यास दुसऱ्याच्या वागणुकीवर लक्ष ठेवावेंच लागतें. या क्लबांचा सर्व कारभार आम्हांस या एका गोष्टींतून निघालेला दिसतो.

इंग्लंडांतील अशा क्लबांच्या मेळाव्याचें स्वरूप असें. क्लबाच्या ठिकठिकाणीं शाखा असतात. प्रत्येक शाखेचे सभासद वार्षिक सभेंत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व कमिटी निवडतात. कमिटी वर्षाचे मेळावे ठरविते: कुरण कोणाचें, आठवडा कोणता, गाड्या किती, दर रात्रीची वर्गणी काय. मग प्रत्येक मेळाव्यापुरते सभासदांपैकींच कोणी, पुष्कळदां एखादें जोडपें, कारभारी म्हणून पुढें येतात. त्यांस पगार नसतो. त्यांनीं सर्वांच्या आधीं जावयाचें, फाटकाशीं उभें राहून प्रत्येक गाडीस जागा दाखवावयाची, पाणी कोठें भरावें, सांडपाणी कोठें ओतावें, शौचाची टाकी कोठें रिकामी करावी हें समजावून द्यावयाचें. आणि शेवटची गाडी निघून गेल्यावर सबंध कुरणांतून फेरी मारून, राहिलेली दोरी, खुंटी, कागदाचा कपटा वेंचून, कुरण होतें तसें मालकाच्या हवालीं करावयाचें. दोन गाड्यांमध्यें साधारणपणें सहा मीटर अंतर असावें असा दंडक आहे. नवख्यास हा साहेबी तुटकपणा वाटतो. खरें कारण आग हें होय. गाडींत जळणाच्या गॅसची टाकी असते, भिंती पातळ असतात, आणि एका गाडीनें पेट घेतला तर शेजारची वांचविण्यास तेवढें अंतर तरी पाहिजे. कुत्रीं दोरीस बांधलेलीं असावीं, कुरणांत मोटार माणसाच्या चालीनें न्यावी, रात्रीं ठराविक वेळेनंतर वीज काढणारीं यंत्रें बंद करावीं, असे आणखी पुष्कळ नियम आहेत; ते सांगत बसत नाहीं. जगांत जेथें जेथें माणसें दाटीनें राहतात तेथें ते थोड्याबहुत फरकानें असतातच.

या व्यवस्थेंत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असें कोणी विचारील तर आमच्या मतें ती निवडणूक नव्हे. ती पाळी होय. या खेपेस जो फाटकाशीं पावसांत भिजत उभा आहे तो पुढल्या खेपेस पाहुणा म्हणून येणार, आणि आज ज्याला 'तुमची गाडी जरा मागें घ्या' असें सांगितलें, तोच उद्यां दुसऱ्यास तसें सांगणार. हुकूम करणारा आणि हुकूम पाळणारा असे दोन वर्ग तेथें कायमचे पडत नाहींत. आमच्या शास्त्रांत गुरूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे. तिच्यावर उपदेश ऐकणें सोपें. शौचाच्या टाकीची जागा धुण्याची पाळी आपल्यावर आली म्हणजे तिचा अर्थ लवकर उमगतो. शाळेच्या सहलींत पातेलीं घांसण्याच्या वेळीं कोण कोण नाहींसें होतें हें आमच्या विद्यार्थ्यांनीं मनाशीं आठवावें. नांवें आम्ही छापीत नाहीं.

आमच्या देशास ही विद्या अपरिचित नाहीं. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीबरोबर ज्या दिंड्या चालतात त्यांचे क्रम ठरलेले असतात, प्रत्येकीस नंबर असतो, आणि मुक्कामावर आरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंचावला कीं एवढा समुदाय चिडीचुप होतो. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. मग तिचें गाऱ्हाणें चोपदार सर्वांदेखत ऐकून घेतो. आमचा धर्म निराळा असला तरी ही रीत नांवाजण्याजोगी आहे हें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. रानांतून प्रवास करणाऱ्या इस्राएल लोकांचा न्याय एकटा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत करीत बसे, तेव्हां त्याच्या सासऱ्यानें त्याला दहा, पन्नास, शंभर व हजार माणसांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला, ही कथा तर आमच्या शास्त्रवर्गांतील लहान मुलेंही सांगतील. घर चालतें असो कीं स्थिर असो, गाऱ्हाणें ऐकणारा कान जवळ असावा लागतो.

अमेरिकेंत याच कामाची तऱ्हा थोडी निराळी आहे. वॉली बायम नांवाचा एक कारखानदार 'एअरस्ट्रीम' या नांवाचीं, मोटारीमागें ओढावयाचीं चकचकीत अल्युमिनियमचीं घरें बनवीत असे. १९५१ सालीं तो अशा घरांचा मोठा तांडा घेऊन मध्य अमेरिकेकडे निघाला. वाटा इतक्या वाईट निघाल्या कीं बहुतेकांस मध्येंच परतावें लागलें. तरी हौस फिटली नाहीं. १९५५ सालीं कॅनडांतील केंटव्हिल गांवीं त्याच्या सोबत्यांनीं रीतसर क्लब स्थापिला, आणि १९५९ सालीं ४१ घरांचा तांडा केपटाउनहून निघून पुढें कैरोस पोंचला. कारखानदारानें आपल्याच गिऱ्हाइकांची पलटण काढावी यांत व्यापाराचा वास येतो, हें खरें. पण १९६२ सालीं बायम वारला, तरी क्लब आजवर टिकला आहे. यावरून ती केवळ जाहिरात नव्हती असें म्हणावें लागतें. या क्लबाची एक रीत आम्हांस फार आवडते. प्रत्येक सभासदास एक क्रमांक मिळतो व तो मोठ्या तांबड्या अंकांनीं घरावर लावावयाचा. बायमचा क्रमांक १. कोणी म्हणतील, हा पोरखेळ आहे. आमच्या मतें ज्याच्या पाठीवर क्रमांक आहे तो रस्त्यांत कचरा टाकण्यापूर्वीं दोनदां विचार करतो.

पोरखेळाची गोष्ट निघाली म्हणून आमच्या बालवीरांसाठीं एक गोष्ट सांगून पुढें जातों. १९२९ सालीं इंग्लंडांत ॲरो पार्क येथें जगांतील बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हां त्यांनीं आपले नायक बेडन-पॉवेल यांस एक रोल्स-रॉइस मोटार आणि तिच्यामागें ओढावयाचें 'एकल्स' कंपनीचें चालतें घर नजर केलें. मोटारीचें नांव पडलें 'जॅम रोल'!

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. १९६० सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें चालत्या घरांच्या जागांविषयीं कायदा केला. जमिनीवर अशीं घरें उतरवावयाचीं असल्यास सामान्यतः जमीनवाल्यानें परवाना काढला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. परंतु सरकारकडून प्रमाणपत्र मिळालेल्या क्लबांस त्यानें विशेष सवलती दिल्या. क्लबाच्या देखरेखीखालीं सभासदांचा मेळावा भरावयाचा असेल व तो पांच दिवसांहून अधिक चालणार नसेल, तर परवाना नको. शिवाय एखाद्या शेतकऱ्याची जागा क्लबानें स्वतः पाहून पसंत केली, तर तेथें एका वेळीं पांचपर्यंत घरें, केवळ सभासदांचीं, परवान्यावांचून उतरूं शकतात. एकट्या कॅरव्हॅन क्लबानें पसंत केलेल्या अशा जागा २००० हून अधिक आहेत. क्लबाची वर्तणूक बिघडली तर प्रमाणपत्र काढून घेतां येतें.

पार्लमेंटनें आपल्या निरीक्षकाचें काम हौशी लोकांच्या कमिटीवर सोंपविलें, ही लहान गोष्ट नव्हे. पन्नास वर्षें कुरणें झाडून परत केल्याचा हा मोबदला आहे, असें आम्हांस वाटतें. स्वराज्य मागून मिळतें किंवा भांडून मिळतें, असें आम्ही शाळेंत इतिहास शिकवितांना सांगत असतों. येथें तें कपटे वेंचून मिळालें.

पण याच कायद्याचें दुसरें अंग आहे, आणि तें सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. त्याच्या तेविसाव्या कलमानें स्थानिक कौन्सिलांस गायरानांवर चालतीं घरें उभीं करण्यास मनाई करण्याचा अधिकार मिळाला. गायरानांवर कोण उतरत असे? जिप्सी. हौशी मंडळीनें ज्यांचें पाहून गाडींत राहावयास आरंभ केला तेच हे लोक. डॉक्टर स्टेबल्स तर स्वतःस मोठ्या अभिमानानें 'जंटलमन जिप्सी' म्हणवीत. जिप्सी लोकांची भाषा हिंदुस्थानांतून गेलेली आहे. पाण्यास ते 'पानी' म्हणतात, आणि नाकास 'नाक'च. १५३० सालींच इंग्लंडनें त्यांस देशाबाहेर घालविण्याचा कायदा केला होता, तरी ते राहिले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांनीं तंबू सोडून रंगीत लांकडी गाड्यांत राहणें पत्करलें. छंद म्हणून गाडींत राहणाऱ्यास पांच दिवसांची मोकळीक, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाडींतच जन्मून गाडींतच मरणाऱ्यास गायरान बंद, असा हा न्याय झाला. एरिक लबक नांवाच्या सभासदाच्या खटपटीनें १९६८ सालीं नवा कायदा होऊन, जिप्सींसाठीं जागा पुरविण्याची सक्ति स्थानिक सत्तेवर आली. ती सक्ति १९९४ सालीं काढून टाकण्यांत आली.

इंग्लंडास नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. ज्यांचें बिऱ्हाड गाढवावर किंवा बैलावर, अशा आमच्याकडील कित्येक जमातींस १८७१ च्या कायद्याखालीं जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यांत येऊं लागलें. १९११ सालीं तो कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यांत आला, आणि १९५२ सालीं रद्द झाला. कायदा गेला. परंतु पालांत राहणारें मूल शाळेच्या फाटकाशीं आलें असतां, पालक हो, आपल्यापैकीं किती जण त्याचें नांवगांव विचारण्याआधीं आपल्या मुलाची पिशवी सांभाळतात?

कोणी म्हणेल, जिप्सींनींही क्लब काढावा, कमिटी निवडावी, प्रमाणपत्र मागावें. बोलणें वरवर बरोबर दिसतें. परंतु ज्या क्लबास सवलत मिळते तो करमणुकीसाठीं असावा लागतो. राहणें ही ज्यांची करमणूक नसून संसारच आहे, त्यांनीं कोणत्या रकान्यांत नांव लिहावें? आणि त्यांस एकत्र जमतां येत नाहीं असेंही नाहीं. वायव्य इंग्लंडांतील ॲपलबी गांवीं दरवर्षीं जूनच्या आरंभीं त्यांचा घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अठराव्या शतकापासून तो चालत आला आहे. हजारों जिप्सी व इतर भटके लोक आपल्या गाड्या घेऊन येतात. सोयरिकी जुळतात, जुनीं येणीं फेडलीं जातात, मुलें नदींत घोडे धुतात. या बाजाराचा अधिकृत संयोजक असा कोणी नाहीं. कौन्सिल, पोलिस, प्राण्यांवरील दयेच्या संस्था व खुद्द जिप्सींचे प्रतिनिधि हे आतां दरसाल एकत्र बसून पाणी, शौचकूप, रस्ते यांची आगाऊ व्यवस्था लावतात. भांडणें होतात, मागें राहणाऱ्या कचऱ्याविषयीं गांवकरी कुरकुरतात, आणि ती कुरकुर सर्वस्वीं खोटीही नसावी. २००१ सालीं जनावरांच्या रोगामुळें व २०२० सालीं माणसांच्या सांथीमुळें बाजार भरला नाहीं; २०२१ सालीं तो जूनऐवजीं ऑगस्टांत भरला. प्रमाणपत्र मागावयास तेथून कोणीं जावें हें ठरविणारी कमिटीच तेथें नाहीं. तरी जून लागला कीं गाड्या रस्त्यास लागतात आणि घोडे एडन नदींत उतरतात.