तुरीच्या ओळीतला गांजा

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला : कोणत्याच पिकाला भाव नाही, तेव्हा गांजा लावायची परवानगी द्या. परवानगी मिळाली नाही. पण अर्जामागचे दुखणे खरे होते.

गांजात औषधी गुण आहेत, हे खोटे नाही. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तो सर्वांत कडक यादीतून काढला, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. उत्तराखंडाने २०१८ मध्ये जवळपास नशा नसलेल्या जातीच्या लागवडीला परवाना दिला.

आपल्याकडे मात्र तुरीच्या ओळीत चार झाडे लावली तरी गुन्हाच. १९८५ च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. दुसऱ्याने तुमच्या रानात लावली आणि ठाऊक असून कळवले नाही, तरी तुम्ही अडकता. वाट्याने रान देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

औषधासाठी परवान्याने लागवड व्हावी, असे आम्हांस वाटते. चैनीसाठी मोकळीक नको. दारूने काय गत केली, ते घरातल्या बायांना विचारा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर भुलू नका. माल नेणारा पसार होतो. सातबाऱ्यावर नाव तुमचे असते.