शेक शरीराला, चटका मनाला

किरणोपचाराला आपल्याकडे खेड्यापाड्यांतून 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. 'अजून बारा लाईट राहिल्यात,' असे नातेवाईक सांगतात. मी या विभागात बरीच वर्षे काम करतो आहे. कोणत्या रुग्णाला किती मात्रा द्यायची, ती कोणत्या बाजूने द्यायची, शेजारचा निरोगी भाग कसा वाचवायचा, याचे गणित आम्ही फार काटेकोरपणे करतो. दर आठवड्याला वजन घेतो, गरजेप्रमाणे रक्त तपासतो, तोंडात फोड आले आहेत का ते बॅटरी लावून पाहतो. त्या रुग्णाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी नाही. ही चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणूनच आज हा विषय घेतला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी, तंबाखू मळण्याची तीस वर्षांची सवय, गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली होती. पुढे ३० शेक द्यायचे ठरले. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. माणूस अगदी शांत. "कसं काय मामा?" असे विचारले की मान हलवून "बरं हाय" म्हणायचा आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळायचो. अठरा शेक झाले आणि मामा यायचे बंद झाले. पैशांची अडचण असेल, असे आम्ही गृहीत धरले. खरे तर उपचार सरकारी योजनेतून चालले होते.

नवव्या दिवशी त्यांचा मेहुणा त्यांना घेऊन आला. त्या दिवशी प्रथमच मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, त्यो मुखवटा आवळला की जीव घाबरा हुतो. तुमची मान्सं भाईर पळत्यात, दार लागतं. वाटतं, आपल्याला सरणावर ठिवून समदी निघून गेली." थोड्या वेळाने आणखी एक गोष्ट बाहेर पडली. घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळे केले होते. दोन वर्षांच्या नातवाला त्यांच्या मांडीवर बसू देत नव्हते. का, तर आजोबांच्या अंगातली 'लाईट' पोराला लागेल! अठरा दिवस हा माणूस ही दोन ओझी घेऊन एस.टी.ने येत-जात होता आणि आम्हाला "बरं हाय" म्हणत होता.

राहिलेले बारा शेक त्यांनी पूर्ण केले. पुढे काही महिन्यांनी आजार त्याच जागी पुन्हा उद्भवला. तो त्या नऊ दिवसांच्या खंडामुळेच, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकणार नाही. पण तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात शेकांमध्ये खंड पडला की उपचाराचा गुण कमी होतो, एवढे शास्त्र नक्की सांगते. मनाचा प्रश्न हा असा थेट शरीराच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

मामांच्या दोन्ही शंका पाच मिनिटांत दूर करता आल्या असत्या. त्या खोलीत काय होते, ते वाचकांनीही समजून घ्यावे. डोके-मान हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करून तो टेबलाला पक्का बसवतात. त्यातून श्वास व्यवस्थित घेता येतो. कर्मचारी बाहेर जातात ते अशासाठी, की त्यांना दिवसभर अनेक रुग्णांना शेक द्यायचे असतात. रोजचे किरण त्यांनी स्वतःच्या अंगावर घेणे बरोबर नाही. ते बाहेर कॅमेऱ्यातून रुग्णाकडे सतत पाहत असतात. हात वर केला की यंत्र थांबवता येते. खोलीत दहा-पंधरा मिनिटे जातात, प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच असतात आणि ते लागताना दुखत नाही. बाहेरच्या यंत्राने शेक घेतल्यावर रुग्णाच्या अंगात कोणतेही किरण उरत नाहीत. त्याने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. काही वेगळ्या उपचारांत, उदाहरणार्थ थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन देतात तेव्हा, काही दिवस अंतर ठेवावे लागते. पण तशी सूचना डॉक्टर स्वतःच देतात. आणि कर्करोग हा ताट-तांब्यातून लागणारा आजार नव्हे, हे तर भिंतीवर लिहून ठेवावे.

मामा हे काही अपवाद नव्हेत. २०११ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात १४ देशांतील सुमारे १० हजार कर्करुग्णांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दर सहा रुग्णांमागे एकाला नैराश्याचा विकार आढळला. चिंता आणि परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा त्रास धरला, तर हे प्रमाण दर दहांत तीन-चारांवर जाते. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. गाव सोडून धर्मशाळेत किंवा नातलगांकडे सहा आठवडे राहायचे, बुडालेली मजुरी, पेरणीची चिंता, चव गेलेली, लाळ सुकलेली. तंबाखू खाणाऱ्याला 'आपल्याच हाताने ओढवून घेतले' ही टोचणी. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाईच्या मनात तर नवऱ्याशी संबंधांबद्दल कितीतरी प्रश्न असतात. ते ती कोणाला विचारणार? बाह्यरुग्ण विभागात तर तिची सासू शेजारी उभी असते.

आणि मग रोगाचे नाव लपवण्याची आपली रीत! "डॉक्टर, त्यांना सांगू नका, धसका घेतील," असे मुलगा मला दाराआड नेऊन सांगतो. त्याची माया मला समजते. पण रुग्ण ज्या इमारतीत रोज येतो, तिच्या दारावरच 'कर्करोग विभाग' अशी पाटी असते. शेजारच्या बाकावरचे लोक त्याच आजाराबद्दल बोलत असतात. बापाला सगळे कळलेले असते. मुलाला वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प राहतो. एकाच घरातली माणसे एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून दूर होतात. हे एकटेपण फार वाईट. सगळे एकदम सांगावे असे मी म्हणत नाही. रुग्ण विचारील तेवढे, त्याला झेपेल तेवढे, पण खरे सांगावे.

अमेरिकेत डॉ. जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कर्करुग्णांसाठी मानसोपचाराची सेवा उभी केली. पुढे तेथे मनाच्या तापासाठी एक साधा 'थर्मामीटर' तयार झाला. कागदावर शून्य ते दहा आकडे; गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्यावर रुग्णाने बोट ठेवायचे. चार किंवा अधिक आकडा आला तर पुढची चौकशी करायची. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. वजनकाट्याशेजारी हा कागद टांगायला काय हरकत आहे?

यावर आमचे व्यवसायबंधू म्हणतात, "वेळ कुठे आहे?" रोजची गर्दी मीही पाहतो. पण दोन मिनिटांच्या प्रश्नाने एका रुग्णाचा खंड टळला तर वेळ वाचलाच की! दुसरे म्हणतात, "जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ हवे तेवढे आहेत कुठे?" खरे आहे. परंतु प्रत्येकाला तज्ज्ञ लागत नाही. पुष्कळांना माहिती हवी असते आणि कोणीतरी ऐकून घ्यायला हवे असते. हे काम तंत्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक करू शकतात. पहिला शेक देण्याआधी रुग्णाला खोली दाखवा, कॅमेरा दाखवा, हात कसा वर करायचा ते सांगा. शक्य तेथे त्याच्या आवडीचे भजन लावा. आठवड्यातून एकदा त्याला नातेवाइकांशिवाय दोन शब्द बोलू द्या.

घरच्यांनाही माझी विनंती आहे. "धीर धर, काही होत नाही" असे म्हणून त्याचे बोलणे तोडू नका. आधी ऐका. त्याच्याबरोबर एकाच पंक्तीला जेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, सारखे रडू येऊ लागले, तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावर चांगली औषधे आहेत आणि ती शेकाबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. "यापेक्षा मेलेलं बरं" असे रुग्ण बोलू लागला तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य सल्ला मिळतो.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शेवटचा शेक झाला की घरचे पेढे वाटतात. पण तोंडाचा दाह आणि थकवा त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढलेलाच असतो. रोज विचारपूस करणारी माणसेही एकदम सुटतात. 'आता आपल्याकडे कोण पाहणार?' असे वाटून याच दिवसांत पुष्कळ रुग्ण खचतात. तेव्हा पेढे वाटा, पण पुढचा महिनाभर त्यांना जपा.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून कोणी "बरं हाय" म्हणाले की मी पुढच्या रुग्णाकडे वळत नाही. खुर्ची ओढतो आणि विचारतो, "झोप लागते का? घरी जेवायला कोणाबरोबर बसता?" उत्तर यायला कधी कधी थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ थांबावे.