फिटनेस सर्टिफिकेट देतो, पण आधी सुट्टी किती दिवसांची ते सांगा

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात वेगळ्याच प्रकारचे पेशंट यायला लागतात. त्यांना काहीही झालेलं नसतं. हातात छापील फॉर्म असतो, पाठीवर नवीकोरी सॅक असते (सवय व्हावी म्हणून घरापासूनच चढवून आलेले असतात), आणि वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, हमता पासला जातोय, फक्त एक सही हवी होती." कुणी सार पास म्हणतं, कुणी अमरनाथ. मी रक्तदाब बघतो, छाती तपासतो, वयाप्रमाणे ईसीजी काढायला सांगतो. मग पेन उघडण्याआधी विचारतो, "सुट्टी किती दिवसांची मिळाली?"

बहुतेकांना ही सहज केलेली चौकशी वाटते. पण हा तपासणीचाच भाग आहे, आणि माझ्या मते ईसीजीपेक्षा महत्त्वाचा.

तुम्ही तयारी करता ती पायांची. सकाळी अंबाझरीला फेऱ्या, सेमिनरी हिल्सचा चढ, रविवारी रामटेकच्या पायऱ्या. ते सगळं जरूर करा. त्याने दम टिकेल, गुडघे कमी कुरकुरतील, ट्रेकची मजा घेता येईल. पण उंचीचा आजार होणार की नाही, हे त्यावरून ठरत नाही. १९६९ साली इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उंचीच्या आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराचा अभ्यास करणारे आजही त्याचा हवाला देतात. त्यातले १,९२५ पेशंट कोण होते? भारतीय लष्करातले जवान. तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी काटक माणसं! उलट माझा अनुभव असा की रोज जिमला जाणारा तरुण वर जास्त घाई करतो, आणि बेताने चालणाऱ्या काकू आरामात पोचतात.

सरावासाठी चिखलदऱ्याला जाऊन येऊ का, असंही विचारतात. जा, हवा छान असते. पण उंचीच्या सवयीसाठी त्याचा उपयोग नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. चिखलदरा अकराशेच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आणि मनालीचा बाजार आहे सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे ज्या बाजारात तुम्ही उतरून पहिला चहा पिता, तोच आपल्या राज्यातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच आहे. हमता पास आहे ४,२७० मीटरच्या आसपास.

तिथल्या हवेतही ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. हमता पासच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. शरीर यावर लगेच उपाय शोधतं: श्वास वाढवतं. पण जास्त श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो, आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. हा तोल सावरायचं काम किडनीचं. ती लघवीतून बायकार्बोनेट बाहेर टाकते आणि मग श्वासाला मोकळीक मिळते. या कामाला काही दिवस लागतात. किडनीला ना तुमच्या रजेचा अर्ज दिसतो, ना परतीचं कन्फर्म तिकीट.

आता नागपूरकराचा नेहमीचा कार्यक्रम बघा. शुक्रवारी रात्री गाडी, शनिवारी दिल्ली, रात्रीची बस, रविवारी सकाळी मनाली. बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांत त्याच दिवशी जीपने जोब्रा आणि तिथून चालत चिका, म्हणजे ३,१०० मीटरवर मुक्काम. सोमवारी बालू का घेरा, ३,६०० मीटर. मंगळवारी दुपारी खिंड. शनिवारी दिल्लीत दोनशे-सव्वादोनशे मीटरवर असलेला माणूस मंगळवारी ४,२७० मीटरवर! तेही बसमधल्या रात्रीच्या अर्धवट झोपेनंतर आणि नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत आधीच सुकून गेल्यावर.

जगभर मान्य असलेला साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढावी. दिवसा वर चढून खाली झोपायला येणं चालतं, चांगलंच असतं. हा नियम वरच्या कार्यक्रमाला लावून बघा. चिका ते बालू का घेरा ५०० मीटर, तिथे तो जेमतेम पाळला जातो. खरी गडबड पहिल्या उडीत आहे, बसमधून उतरून थेट ३,१०० मीटरवर झोपण्यात. म्हणून माझा आग्रह आहे की मनालीत किमान दोन रात्री काढा. ग्रुपच्या तारखा ठरलेल्या असल्या तरी तुम्ही स्वतः दोन दिवस आधी पोचू शकता, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. चिकाला एक जादा रात्र मिळाली तर सोन्याहून पिवळं. आणि शेवटी परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, तेव्हा हा हिशोब त्या दिवशीच करावा लागतो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनाही थोडी सवड असते. या तीन दिवसांना लोक 'फुकट गेलेले दिवस' म्हणतात. मला मात्र पूर्ण ट्रेकमध्ये त्यांच्याइतके कामाचे दिवस दुसरे दिसत नाहीत.

त्यातून खिंडीच्या ट्रेकची एक स्वतंत्र गोम आहे. शिखर चढणारा माणूस आल्या वाटेने परत येतो, त्यामुळे मागे फिरणं त्याच्या कार्यक्रमातच असतं. खिंडीत तसं नसतं. गाडी पलीकडे छत्रूला उभी असते, चंद्रतालचे फोटो पलीकडे असतात. मग डोकं दुखणाऱ्याला सगळे धीर देतात, "आता दोनच तास, पलीकडे उतारच आहे." म्हणजे ज्याला खाली न्यायला हवं त्यालाच आपण आणखी वर नेतो. खिंड लढवणं हा आपल्या भाषेत शौर्याचा शब्द आहे, आणि पावनखिंडीचा अभिमान कुणाला नाही! पण हमता पासवर पाठीमागे महाराज नाहीत आणि समोर सिद्दीची फौजही नाही. तिथे मागे फिरण्यात कमीपणा कसला?

कधी फिरायचं? उंचीवर गेल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखू लागलं, सोबत मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं यांपैकी काही असलं, तर तो उंचीचाच आजार समजा. उन्हाने असेल, जेवण चुकलं असेल, पित्त असेल, ही कारणं नंतर. त्या रात्री आणखी वर जायचं नाही. विश्रांतीने आणि साध्या पॅरासिटामॉलने दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटलं तरच पुढे. वाढत गेलं तर खाली.

दोन प्रकार मात्र जिवावर बेततात. एकात मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो. त्याला सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर चर्चा बंद करा आणि उतरायला लागा, रात्र असली तरी. दुसऱ्यात फुप्फुसात पाणी होतं. हा बहुधा वर गेल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत गाठतो. बसल्याजागी धाप, कोरडा खोकला, नंतर फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. इथेही उपाय तोच: ऑक्सिजन असेल तर लावा, आणि खाली आणा. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही गोळीने पडत नाही. माणसं त्रास लपवतात, 'ग्रुपचा खोळंबा नको' म्हणून. रात्रीच्या जेवणाला एकमेकांकडे नीट बघा. दिवसभर बडबड करणारा मित्र ताट तसंच ठेवून गप्प बसला असेल, तर आधी त्याची विचारपूस करा.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं. कोरोनात घेतलेलं ते यंत्र सगळे सोबत नेतात आणि वर ८५ दिसलं की घाबरतात. तिथे ८५ चा अर्थ नागपुरातल्या ८५ सारखा नसतो, आणि गारठलेल्या बोटावर ते यंत्र काहीही दाखवतं. आकडा ९० असून माणूस झिंगत असेल तर तो आजारीच आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

कापराच्या पुड्यांचं काय? हुंगायला हरकत नाही. कापराने नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना जाग्या होतात आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, रक्तातला ऑक्सिजन मात्र होता तिथेच राहतो. पोटात अजिबात जाऊ देऊ नका. लहान मुलांना थोड्याशा कापरानेही झटके येऊ शकतात. 'कोका' नावाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या ट्रेकर मंडळींत फार लोकप्रिय आहेत, पण त्यांनी उंचीचा आजार टळतो याचा पुरावा नाही. माझी भीती अशी की त्या खाल्ल्या म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मनालीतली एक रात्र वाचवतो. असेटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे मात्र खरोखर काम करतं. किडनीचं जे काम वर सांगितलं तेच ते लवकर करवून घेतं. मोठ्या माणसाला प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो. किडनीचा आजार असलेल्यांनी, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊच नये, आणि इतरांनीही मेडिकलमधून परस्पर आणू नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर पूर्ण बंद. ती मंडळी रात्रीचा श्वास आणखी मंदावतात.

आता जे फक्त आपल्याकडच्या लोकांना सांगायचं आहे ते. माझ्यासमोर आलेल्या फॉर्मांवर दमा, मधुमेह, हृदयविकार, अपस्मार असे रकाने असतात. सिकलसेलचा रकाना मला दिसलेला नाही. दिल्ली-मनालीच्या कंपन्यांना तो सुचणार नाही, पण विदर्भातल्या डॉक्टरला आणि पेशंटला सुचायला हवा. आपल्याकडे काही समाजांत शंभरात दहा-वीस जण सिकलसेलचे वाहक सापडतात. वाहक, म्हणजे ज्याला आपण 'एएस पॅटर्न' म्हणतो, तो माणूस नागपुरात ठणठणीत असतो. आयुष्यभर त्याला काही कळत नाही. पण ऑक्सिजन कमी, अंगात पाणी कमी आणि वरून दमणूक अशी तिन्ही एकत्र आली की त्याच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन पाणथरीतल्या रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. पाणथरीचा काही भाग मरतो. डाव्या बरगडीखाली तीव्र दुखतं, कधी ते खांद्यापर्यंत जातं, ताप येतो, उलट्या होतात. तंबूत सगळे म्हणतात, गॅस झाला, इनो द्या.

घाबरू नका, बहुतेक वाहक वर जाऊन सुखरूप परत येतात. वाहक आहे म्हणून मी कुणाला सरसकट 'जाऊ नका' म्हणत नाही. मात्र आपण वाहक आहोत हे माहीत असलेला माणूस सावकाश चढेल, पाणी पीत राहील, आणि डाव्या कुशीत दुखलं तर इनो मागण्याऐवजी उतरायला लागेल. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, 'एसएस पॅटर्न' आहे, त्यांनी या खिंडींच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणी अगदी साधी आहे. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. सरकारी रुग्णालयांत ती होते. जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तिच्या कुठल्या शिबिरात तुमची तपासणी झाली असेल तर मिळालेलं कार्ड शोधा. घरात कुणाचं रक्त तपासताना 'एएस' निघालं होतं का, हे आईला किंवा मावशीला विचारा. लग्न जुळवताना आपण हे विचारायला शिकतो आहोत, ट्रेकआधीही विचारायला हरकत नाही. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघून घ्या, विशेषतः स्त्रियांनी. आठ हिमोग्लोबिन घेऊन चार हजार मीटरवर जाणं म्हणजे अर्धी टाकी पेट्रोल घेऊन घाट चढणं.

मधुमेह आणि रक्तदाबावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल, तूर्त इतकंच. इन्सुलिन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात गोठतं, ते अंगालगत ठेवा आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचं दाखवतं, त्यालाही उबेत ठेवा. रक्तदाब वर गेल्यावर काही दिवस वाढतो, त्यामुळे गोळ्या बंद करून जाण्याचा पराक्रम करू नका. स्टेंट बसवलेला असेल, छातीत दुखण्याचा इतिहास असेल, तर माझी सही पुरणार नाही, तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.

बूट, जॅकेट, काठ्या यांवर माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. ट्रेकच्या आयोजकाला मात्र पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. ऑक्सिजनचे सिलिंडर किती आणि ते कुठल्या मुक्कामापर्यंत सोबत असतात? कुणाला अर्ध्यातून खाली न्यावं लागलं तर सोबत उतरायला वेगळा माणूस आहे, की पूर्ण ग्रुप थांबणार? आणि खिंडीच्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, प्रत्येकाला तपासून 'तू आज येऊ नकोस' म्हणायचा अधिकार नेमका कुणाला आहे? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर दुसरा आयोजक शोधा.

फॉर्म घेऊन या, मी सही करतो. येताना रजेचा अर्ज आणि रक्ताचा रिपोर्टही आणा.