पळीभर तेलाचा शिलालेख

अमेरिकेतल्या खेड्यांत रस्त्याकडेला लोखंडी पाट्या असतात: इथे अमुक जन्मला, इथे तमुक लढाई झाली. आपल्या खानदेशात अशी पाटी आठशे वर्षांपूर्वीच लागली, तीही दगडावर. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळातला शके ११२८ चा शिलालेख गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ देतो आणि सांगतो, की यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य जन्मले कुठे, यावर भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावे. मला त्या लेखाचा शेवट भावतो. वरचे संस्कृत श्लोक संपतात आणि खाली जुन्या मराठीत थेट हिशेब येतो: मठासाठी गिऱ्हाइकांकडून पाच पोफळी (सुपाऱ्या) घ्याव्यात, गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल द्यावे. म्हणजे भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा अभ्यास याच लेखातल्या निकुंभ सामंतांच्या देणगीइतकाच तेल्याच्या घाण्यावरही चालत होता. आपल्या आजच्या कोनशिला उद्घाटकाच्या नावापुढे सरकतच नाहीत. खर्च कोणी उचलला, कशातून उचलला, ते सांगायची त्यांना लाज वाटते की काय कोण जाणे. पाटणादेवीच्या वाटेवर पुढेमागे नवा फलक लावाल, तर त्यावर भास्कराचार्यांच्या नावाखाली त्या पाच पोफळी आणि पळीभर तेलही ठळक अक्षरांत लिहा.