वर्गाबाहेरचा तास : तार कधी निघणार?

तुमच्या वर्गात दातांना तार लावलेलं कुणी आहे का? असेल तर विचारा त्याला, सगळ्यांत कठीण दिवस कोणते? तुम्हाला वाटेल, पहिले. तार लागली की तीन-चार दिवस दात ठणकतात, पोळी चावत नाही, वरणात मऊ भात कालवून खावा लागतो. पण खरे जिवावर येणारे दिवस असतात शेवटचे. दात तर सरळ दिसायला लागलेले असतात आणि डॉक्टर म्हणतात, "अजून काही महिने."

आमच्या कामठ्याची एक मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. आता दहावीत आहे. दोन वर्षं झाली, तिचे दात तारेत आहेत. दर महिन्याला आधी गोंदिया, मग तिथून रेल्वेने नागपूर. जायचे सुमारे १३० किलोमीटर आणि यायचे तेवढेच. परवा ती घरी आली नि म्हणाली, "बाई, आरशात पाहा तं सारे सरळच दिसतेत. मंग काहून नाही काढत?" दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो निघण्याआधी तार निघावी, असं तिला वाटतं. तिच्या बाबांचं गणित वेगळं. एका फेरीत त्यांची एक दिवसाची रोजी बुडते. दोघांचंही म्हणणं काही खोटं नाही. त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तार दाताला हळूहळू ढकलते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतःच पोखरतं आणि मागे जी जागा मोकळी होते तिथे नवं हाड भरतं. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. पोखरायचं काम लवकर उरकतं, भरायचं सावकाश चालतं. म्हणून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटरच सरकतो. लवकर व्हावं म्हणून जास्त जोर लावला तर मुळालाच इजा व्हायची.

आता आपल्याकडची रोवणी आठवा. पऱ्हे चिखलात लावून झाले की बांधी कशी छान दिसते! पण त्याच संध्याकाळी एखादं रोप ओढून पाहा, अलगद हातात येतं. मुळं धरायला दिवस जावे लागतात. नुकत्याच सरळ झालेल्या दाताचंही तसंच असतं. त्यात भर म्हणजे हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. ते नव्या जागी रुळायला हाडापेक्षाही जास्त वेळ घेतात. अशा वेळी तार काढून घरी बसलं तर दात पुन्हा वाकडे व्हायला लागतात, आणि दोन वर्षांच्या फेऱ्या पाण्यात.

दुसरं कारण आरशात दिसतच नाही. आपण पाहतो समोरचे सहा-आठ दात, डॉक्टर पाहतात दाढा. तोंड मिटल्यावर वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला पाहिजे, डब्यावर झाकण बसावं तसा. नाहीतर हसू सुंदर आणि घास नीट चावला जात नाही, असं व्हायचं. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे प्रकार पाडले, ते वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते हे पाहूनच. (या दाढेबद्दल पालकांशी एक शब्द बोलू द्या. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मूल पहिलीत असताना येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, ती गुपचूप दुधाच्या दातांच्या मागे उगवते. त्यामुळे घरोघरी तिला दुधाची दाढ समजतात. "किडली तं किडू द्या, पडणारच हाय," हे वाक्य मी पालकसभेत कितीदा तरी ऐकलं आहे. अहो, ती पडली तर दुसरी येत नाही!)

शेवटच्या महिन्यांतली तारसुद्धा वेगळी असते. सुरुवातीला लावतात ती निकेल आणि टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास पुढे आला आणि नंतर दातांच्या डॉक्टरांनी उचलला. कितीही वाकवली तरी ही तार आपल्या मूळ आकारात यायला पाहते आणि येताना दातालाही सोबत आणते. शेवटी मात्र बहुतेक वेळा जाड, चौकोनी पोलादी तार घालतात. एखादा दात किंचित फिरवायचा राहिला असेल तर डॉक्टर तिला चिमट्याने बारीकशी मोड देतात. वरच्या-खालच्या दातांत अडकवायच्या इवल्याशा रबरी कड्या देतात, त्याही याच कामासाठी. कड्या दोन दिवस घातल्या, चार दिवस विसरल्या, की तारीख लांबलीच म्हणून समजा.

बाबांच्या गणिताचं उत्तरही इथेच आहे. हिवाळ्यात बोरं आली, फुटाणे आले, उसाचं कांडं आलं की मुलांना राहवत नाही. कडक काही चावलं की दातावर चिकटवलेली धातूची टिकली सुटते. एक टिकली सुटली म्हणजे नागपूरची एक जादा फेरी. पेरू खायचाच असेल तर चिरून, बिया काढून. आणि "आता निघणारच आहे" म्हणून ब्रश करण्यात ढिलाई नको. टिकलीभोवती अन्न साचून राहिलं तर दातावर पांढरे डाग पडतात, आणि तार निघाल्यावर ते अगदी समोर दिसतात.

फोटोचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. तार दिसली तर दिसू दे. हसून काढ फोटो.

तार काढायला मात्र घाबरू नका. सहसा सुई टोचावी लागत नाही. खास पक्कडीने टिकली दाबली की ती सुटते, मग उरलेला चिकटा घासून काढतात. जीभ दातांवरून फिरवली की गुळगुळीत लागतं, चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. त्याच सुमारास पुढचं माप घेतात, कारण आता टाळूला चिकटून बसणारा गुलाबी रिटेनर घालायचा असतो. चार्ल्स हॉली नावाच्या डॉक्टरांनी १९१९ साली तो पुढे आणला आणि शंभर वर्षांनंतरही तो चालूच आहे. काही जणांना त्याऐवजी पारदर्शक खोळ देतात, काहींच्या खालच्या दातांना आतून बारीक तार चिकटवतात. आधी दिवस-रात्र, मग नुसता रात्री, असा तो डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरायचा.

हा रिटेनर हरवायची हमखास जागा म्हणजे लग्नाची पंगत. जेवताना काढला, कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, आणि तो उष्ट्या पत्रावळींबरोबर गेला! त्याला झाकणाचा डबा हवा. धुवायचा तो साध्या पाण्याने, गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. मग नवा करायचा म्हणजे पुन्हा माप आणि पुन्हा नागपूर.