फसलेल्या रंगांची कमाई

व्ही. शांताराम म्हटलं की आपण थेट ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘दो आँखें बारह हाथ’ यांवर उडी मारतो. त्यांच्या आधीच्या, १९३३च्या ‘सैरंध्री’चं नाव मात्र कुणी काढत नाही. भारतात रंगीत चित्रपट करायचाच, या ईर्ष्येने शांतारामच्या प्रभात फिल्म कंपनीने तो केला. रंगीत प्रती काढायला फिल्म जर्मनीला नेली, आणि पडद्यावर रंग असे भडक उतरले की सगळा डाव पाण्यात गेला. गोष्ट महाभारतातलीच, नवं काय ते रंग, तेच फसले. चित्रपट कच्चा होता, उगाच भक्तिभावाने सावरून घेऊ नये. पण जर्मनीत या गड्याने डोळे उघडे ठेवले. पुढच्याच वर्षी हिंदी ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहनने साकारलेल्या राजगुरूचा एक डोळा त्याने लांब पल्ल्याच्या भिंगातून अख्ख्या पडद्याएवढा केला. फसलेल्या प्रयोगातूनही शिकता येतं, हे आमच्या जालन्यातल्या बियाणेवाल्यांना सांगावं लागत नाही. चाचणीचा प्लॉट बसला तरी ते त्याची नोंदवही फेकत नाहीत. सिनेमावाले मात्र पडेल चित्रपटाची आठवणही ठेवत नाहीत, आणि समीक्षक तर त्याहून विसरभोळे.